मुंबईत ऐनवेळी सहा जणांचा मुक्काम: आधी एकच रात्र पक्की करा

दादा, तुमचा प्रश्न वाचणाऱ्या सगळ्यांना कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुम्ही कोरेगाव तालुक्यातले. वडील ६८ वर्षांचे, त्यांना गुरुवारी सकाळी आठ वाजता परळच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासणीला बोलावलंय. आज सोमवार. घरी मागं कुणी राहणारं नाही, म्हणून तुम्ही दोघं, आई-वडील, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे सहाजण बुधवारी निघणार. तीन रात्री धरल्यात आणि रात्रीला अडीच हजारांच्या वर झेपणार नाही. मोबाईलवर शोधलं तर चार-पाच हजारांच्या खोल्या दिसतात, त्याखालच्यांचे फोटो बघूनच नको वाटतं. कोपरखैरण्याला चुलतभाऊ आहे, पण त्याची जागा लहान.

मी २००४ पासून साताऱ्यात एसटी स्टँडजवळ प्रवासाच्या बुकिंगचं ऑफिस चालवते. सहलींपेक्षा असे अचानकचे फोन जास्त येतात. कुणाची तपासणी, कुणाची मुलाखत, कुणाच्या पोराला विमानतळावर सोडायचंय. या सगळ्यांना मी एकच सांगत आले, तेच तुम्हाला सांगते. साताऱ्यात बसून तीन रात्रींची खोली शोधू नका. पहिली रात्र कामाच्या जागेपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, दोन पैसे जास्त गेले तरी, पक्की करा. उरलेल्या रात्रींचं तिथं पोचल्यावर ठरवा. दवाखान्याच्या कामात तर हे फारच खरं आहे, कारण तुमचा मुक्काम किती रात्रींचा हे आज तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. गुरुवारी तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणतील, “रिपोर्ट सोमवारी, तेव्हा या.” मग गुरुवार-शुक्रवारच्या खोलीचे भरलेले पैसे गेले. किंवा म्हणतील, “उद्या पुन्हा आणा,” तेव्हा एक रात्र वाढवायला तुम्ही त्याच काउंटरवर उभे असाल, आणि समोर दिसणाऱ्या गिऱ्हाईकाला मॅनेजर फोनवरच्यापेक्षा बरा भाव देतो.

आता खोलीच्याही आधी निघायची वेळ बघू, कारण निम्मे पैसे तिथंच जातात. आपल्याकडची सवय रात्रीच्या गाडीची. दिवस वाचतो, पोरं झोपतात. पण साताऱ्याहून मुंबई अडीचशे किलोमीटर. रात्री दहाला निघालात की पहाटे चार-पाचला दादर. आणि मुंबईतल्या बहुतेक लॉजमध्ये खोली दुपारी बाराला मिळते. पहाटे पाचला दार उघडून हवं असेल तर आदल्या दिवसाचं भाडं मागतात.

२०११च्या पावसाळ्यात सासूबाईंना घेऊन आम्ही असेच गेलो होतो. तेव्हा सात वर्षं या धंद्यात होते, तरी घरच्या माणसाच्या काळजीत मी लोकांना सांगते ते स्वतःच विसरले. खाजगी बसनं दादरला उतरलो तेव्हा साडेचार झाले होते. खोली आधी सांगून ठेवलेली होती. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “ताई, बुकिंग आजचं आहे, पण दुपारी बाराचं. आणि दोन माणसांचं आहे, तुम्ही चौघं.” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आम्ही जिन्यात बसलो. बाहेर पाऊस, सासूबाईंनी एक्स-रेचं पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पदराखाली धरलेलं. वॉचमननं आपलं स्टूल आत सरकवून त्यांना बसायला दिलं. आठ वाजता त्यांचा नंबर लागला तेव्हा रात्रभराची झोप नाही, अंघोळ नाही. बीपी इतकं वाढलेलं की डॉक्टरांनी तपासणीच पुढं ढकलली. आठ दिवसांनी पुन्हा तीच वारी. तेव्हापासून माझ्या ऑफिसातून पेशंट घेऊन जाणाऱ्या माणसाला मी रात्रीची गाडी देत नाही. तिकीट हवंच असेल तर दुसरीकडून काढा म्हणून सांगते.

तुम्ही बुधवारी सकाळच्या एसटीनं निघा. दुपारी दोन-तीनपर्यंत पोचाल, खोली तयार असेल, वडील संध्याकाळी पडतील, रात्री शांत झोपतील. दुसरं म्हणजे एसटीत तुमचं भाडं बघा. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणजे आई आणि वहिनी अर्ध्यावर. वडील ६५च्या वरचे, त्यांना अर्धं. मुलगी पाच ते बारामधली, तिला अर्धं. धाकट्याला तिकीट नाही. पूर्ण तिकीट फक्त तुमचं. सहा माणसं तीन तिकिटांच्या पैशांत मुंबईला पोचतात. खाजगी गाडीत वरचं बर्थ, खालचं बर्थ करत तुम्हाला याच्या दुपटीच्या वर गेलं असतं. तो फरक खोलीत घाला. सगळ्यांचं मूळ आधारकार्ड हाताशी ठेवा, सवलतीला कंडक्टर मागतो.

आता जागा कुठं घ्यायची. तुमच्यासारख्या घरांना सगळ्यात पहिला मोह नवी मुंबईचा होतो. वाशी, सानपाडा, तुर्भे, नेरूळ. भाव कमी, खोल्या जरा मोठ्या, आपली गाडी तिथूनच जाते. सहल असेल, लग्न असेल, तर मीही तिकडंच पाठवते. पण गुरुवारी सकाळी आठला परळ म्हणजे वाशीहून सहाला निघायला हवं. हार्बरची लोकल शिवडीला थांबते, तिथून टाटा, केईएम ही परळची मोठी हॉस्पिटलं फार लांब नाहीत. पण त्या वेळच्या गर्दीत उपाशीपोटी असलेले ६८ वर्षांचे वडील, हातात फाईल, कडेवर चार वर्षांचं पोर, असं तुम्हाला चढता येणार नाही. मग टॅक्सी. आणि इथं आपल्याकडच्या माणसाच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. मुंबईत रिक्षा पूर्वेकडून शीवपर्यंत आणि पश्चिमेकडून वांद्र्यापर्यंतच चालतात. दादर, परळ, लालबागला रिक्षा नाही, टॅक्सीच. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चारजण बसतात, म्हणजे तुम्हाला प्रत्येक वेळी दोन टॅक्स्या. दिवसातून दोन फेऱ्या झाल्या की वाशीच्या स्वस्त खोलीतून वाचलेले पैसे तिथंच संपले.

म्हणून पहिल्या रात्रीसाठी परळ, हिंदमाता, दादर पूर्व हा टापू. केईएम, टाटा, लहान मुलांचं वाडिया ही तिन्ही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. दादर पूर्वेला स्टेशनपासून हिंदमातेपर्यंत जुन्या इमारतींत बरेच साधे लॉज आहेत. तिथं खोली घेताना मजला विचाराच. खाली दुकानं आणि वर लॉज, लाकडी किंवा अरुंद दगडी जिना, लिफ्ट नाही, असं खूप ठिकाणी आहे. फोटोत जिना कधी दिसत नाही. पावसाळा असेल तर हिंदमातेच्या ऐन चौकातलं टाळा, मोठा पाऊस झाला की तिथं पाणी भरतं आणि सकाळी बाहेर पडायचे वांधे होतात. गणपतीचे दहा दिवस लालबाग-परळला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ६ डिसेंबरच्या आसपास, दादरला ऐनवेळी खोली मिळेल असं धरूनच चालू नका. त्या दिवसांत शीव, चेंबूर नाहीतर सरळ वाशी.

हिशेब मांडते. भाव रोज बदलतात, पण या टापूत एसी असलेली साधी, स्वच्छ डबल खोली दोन हजारांना धरून चाला. सहाजणांना एका खोलीत कुणी घेणार नाही. साधारण पद्धत अशी की दोन मोठी माणसं, वर एक जादा गादी, आणि पाचाच्या आतलं एक मूल फुकट. चार मोठी, नऊ वर्षांची मुलगी आणि धाकटा म्हणजे दोन खोल्या आल्याच. चार हजार आणि त्यावर ५ टक्के जीएसटी, झाले ४,२००. हा कर सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के झालाय, आधी १२ होता. कुणी जुन्या दरानं बिल फाडत असेल तर विचारा. ज्या मोबाईल अ‍ॅपवर १,४९९ दिसतं, तिथं हा कर आणि त्यांचं शुल्क शेवटच्या पानावर चढतं, तेव्हा तुलना करताना शेवटचा आकडाच बघा.

४,२०० म्हणजे तुमच्या अडीच हजारांच्या बरंच वर. तेव्हा दुसरा मार्ग. तुमची एसटी वाशीवरूनच जाते. वहिनी आणि दोन्ही मुलं वाशीला उतरतील, चुलतभाऊ न्यायला येईल, ते कोपरखैरण्याला. तुम्ही तिघं पुढं दादरला. तिघांना एक खोली आणि एक जादा गादी, २,००० अधिक ४००, कर धरून २,५२०. लहान जागेत एक बाई आणि दोन पोरं मावतात, सहाजण मावत नाहीत, आणि भावाच्या बायकोवरही तेवढाच भार पडतो. आईंना सगळे एकत्र हवेत हे तुम्ही लिहिलंय, मला ते समजतं. आजारपणात माणसं जवळ असावीत असं वाटतंच. पण गुरुवारचा दिवस हॉस्पिटलात रांगा लावण्यात जाणार आहे. चार वर्षांचं पोर तिथं दिवसभर बाकावर बसणार नाही, त्याला तिथं न्यावंही नाही. माझं मत विचाराल तर हाच मार्ग घ्या आणि आईंना मी सांगितलं म्हणून सांगा.

भावाकडं जाताना कंदी पेढ्यांबरोबर घरचं थोडं पीठ-तांदूळ, शेंगदाणे न्या. त्यानं नको म्हटलं तरी न्या.

आता उरलेल्या दोन रात्री. गुरुवारी सकाळी केसपेपर निघाला, फाईल झाली, की तुमच्याजवळ एक गोष्ट येते जी आज तुमच्याजवळ नाही. पेशंट त्या हॉस्पिटलचा असल्याचा पुरावा. परळच्या आसपास पेशंट आणि त्यांच्या माणसांसाठी नाममात्र पैशांत राहायची सोय करणाऱ्या संस्था आहेत. दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, वाशीला भारत सेवाश्रम संघाची कॅन्सर पेशंटसाठी सोय आहे. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई असं ठिकठिकाणी स्वतः झाडू हातात धरून आणि लोकांकडून पैसे मिळवून गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. हजारो पेशंट आजही अशाच आधारावर मुंबईत उपचार पूर्ण करतात. पण या जागा अशा फोनवर मिळत नाहीत. हॉस्पिटलची कागदपत्रं, बऱ्याचदा तिथल्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते. पेशंटबरोबर एक, फार तर दोन माणसं घेतात. आणि जागा रिकामी व्हावी लागते. म्हणून सांगते, पहिल्या रात्रीसाठी धर्मशाळेच्या भरवशावर निघू नका, पण गुरुवारी फाईल हातात पडली की तपासणीच्या रांगेत एकानं उभं राहा आणि दुसऱ्यानं समाजसेवा विभाग गाठा. सरकारी, पालिकेच्या आणि टाटासारख्या हॉस्पिटलांत हा विभाग असतोच. तिथं बसलेल्या माणसाला पहिल्या वाक्यात तीनच गोष्टी सांगा: कुठून आलात, पेशंटबरोबर कितीजण आहेत, किती दिवस बोलावलंय. दुपारच्या आत जा. खोल्या सकाळी सुटतात आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा भरून जातात.

तिथं जागा मिळाली तर नियम पाळावे लागतात. रात्री ठरावीक वेळेला दार बंद, जेवण ठरल्या वेळी, काही ठिकाणी सगळ्यांचं मिळून दालन. हॉटेलसारखी अपेक्षा ठेवून जाऊ नका. पण शेजारच्या खाटेवर जालन्याचा, रत्नागिरीचा कुणी दोन महिन्यांपासून राहत असतो, आणि कुठल्या खिडकीला किती वाजता उभं राहायचं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आणि डॉक्टरांनी पुढची तारीख चार दिवसांनंतरची दिली, तर रात्री तिथं राहूच नका. सरळ घरी या. तीन तिकिटांचं भाडं जाऊन-येऊन एका रात्रीच्या खोलीच्या जवळपास जातं, तीन रात्री तिथं काढण्यापेक्षा कितीतरी कमी. हेच काम पुण्याला असतं तर मी मुळात रात्रीचा मुक्काम करू नका म्हटलं असतं. एकशे दहा किलोमीटर, पहाटेच्या पहिल्या गाडीनं स्वारगेट, काम करून संध्याकाळी परत.

खोली पक्की करायची ती फोनवर. अ‍ॅपवर बघा, फोटो बघा, अलीकडचे अभिप्राय वाचा, त्यातही पाणी, झुरळं आणि जिना याबद्दल काय लिहिलंय तेवढंच बघा. मग त्या लॉजला थेट फोन करा. पण नंबर घेताना जपा. इंटरनेटवर शोधल्यावर वरच दिसणारा नंबर लॉजचाच असतो असं नाही. धर्मशाळा आणि भक्तनिवासांच्या नावानंही खोट्या वेबसाईट आणि खोटे नंबर फिरतात. गेल्या वर्षी कोरेगावकडचेच एक गृहस्थ माझ्याकडं आले. “खोली शिल्लक आहे, पण आत्ताच्या आत्ता निम्मे पाठवा, क्यूआर पाठवतो,” असं सांगून त्यांच्याकडून तीन हजार उकळले होते. तिथं गेल्यावर लॉजवाल्याला काहीच माहीत नव्हतं. जो घाई करतो आणि नाव एका माणसाचं सांगून खातं दुसऱ्याच्या नावाचं देतो, त्याला पैसे पाठवू नका. दोन वेगवेगळ्या ठिकाणी तोच नंबर दिसतो का बघा. दादर-परळला ओळखीचं कुणी असेल तर त्याला पाच मिनिटं जाऊन काउंटरवर विचारायला सांगा, याच्याइतकी पक्की खात्री दुसरी नाही. फसवणूक झालीच तर तासाभराच्या आत १९३० या नंबरवर तक्रार करा, लवकर केली तर पैसे अडवता येतात.

फोनवर काय बोलायचं? बरेचजण “खोली आहे का, कितीला” एवढंच विचारतात आणि तिथंच फसतात. तुम्ही असं बोला: “बुधवारी दुपारी तीनला पोचतोय, तिघं आहोत, वडील पेशंट आहेत. एक डबल खोली आणि एक गादी. सगळं धरून, करासकट किती? कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का? कमोड आहे का? सकाळी सहाला गरम पाणी येतं का? दुसऱ्या दिवशी किती वाजता सोडायची?” शेवटचा प्रश्न विसरू नका. काही ठिकाणी दुपारी बारा, काही ठिकाणी सकाळी दहा, काही जुन्या लॉजमध्ये चोवीस तास. तुम्ही तीनला शिरलात आणि चोवीस तासांचा हिशेब असेल तर गुरुवारी दुपारी तीनपर्यंत खोली तुमची. वडील तपासणी करून येऊन पडू शकतात. भाव शंभर-दोनशेनं जास्त असला तरी मी अशीच जागा घेईन. मग बोलणाऱ्याचं नाव विचारून घ्या, आणि त्याच नंबरवर मेसेज करा: तारीख, वेळ, माणसं, ठरलेला आकडा. त्यानं “ओके” पाठवलं की तो तुमचा कागद. निघताना सकाळी आणि वाशी आल्यावर, दोनदा फोन करा. ऐनवेळच्या गिऱ्हाइकाची खोली दुसऱ्याला देऊन टाकतात ती बहुतेक दुपारी एक ते तीनमध्ये.

प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं आणि त्यावर पत्ता हवा. आधार, मतदार कार्ड, लायसन्स चालतं, पॅनकार्ड चालत नाही कारण त्यावर पत्ता नसतो. आईंचं कार्ड घरी राहिलं म्हणून रात्री दहाला दारातून परत पाठवलेली माणसं मी पाहिली आहेत. प्रत्येकी दोन झेरॉक्स काढून फाईलमध्येच ठेवा. आधारचा पूर्ण नंबर द्यायचा नसेल तर शेवटचे चार आकडेच दिसणारं आधार डाउनलोड करता येतं.

खोलीत शिरल्यावर पैसे देण्याआधी दोन मिनिटं थांबा. नळ सोडा, फ्लश ओढा, चादर उचलून गादीच्या कडा बघा, दाराची कडी आतून लागते का बघा. अशा खोल्यांत दोन खाटा आणि मधे दीड फुटाची वाट असते. जादा गादी पोऱ्या आणतो आणि बाथरूमच्या वाटेवर टाकतो, कारण तेवढीच जागा मोकळी असते. वडील रात्री दोनदा उठणार. अंधारात ते तुमच्यावर पाय देऊन पडतील. त्यांची खाट बाथरूमच्या बाजूची करा, गादी दाराकडं घ्या, आणि बाथरूमचा दिवा लावून दार किलकिलं ठेवा. तपासणीला उपाशी बोलावलं असेल तर रात्रीच किती वाजेपर्यंत खायचं हे कागदावर बघून ठेवा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते, निदान पहिल्या रात्रीचं जेवण घरचं होईल.

रेल्वेच्या विश्रांतीगृहाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बरेचजण विचारतात. सीएसएमटी, मुंबई सेंट्रलला खोल्या आणि डॉर्मिटरी आहेत, आयआरसीटीसीवरून घेता येतात, भाव रास्त असतो. पण कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो आणि जास्तीत जास्त ४८ तास मिळतात. आपलं सातारा स्टेशन माहुलीला, महालक्ष्मी एक्सप्रेस तिथं मध्यरात्री येते, पेशंटला घेऊन तो खटाटोप नको. शिवाय ऐनवेळी त्या खोल्या क्वचितच शिल्लक असतात. आमदार निवासाचंही तसंच. आमदारांच्या ऑफिसात फोन जरूर करा, चिठ्ठी मिळाली तर हॉस्पिटलातही उपयोगी पडते, पण खोली मिळेलच असं धरू नका.

एक फोन मात्र आज रात्रीच करा, आणि तो तुमच्या गावच्या मुंबईकर मंडळाला. आपल्या जिल्ह्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गिरणगावात राबली. लालबाग, परळ, डिलाईल रोड, भायखळा इथल्या चाळींत गावोगावच्या ‘गावकीच्या खोल्या’ होत्या. गावातल्या गिरणीकामगारांनी मिळून भाडं भरायचं, पाळीपाळीनं झोपायचं, ट्रंका भिंतीला लावलेल्या, जेवण खानावळीत. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळी पडल्या, टॉवर उभे राहिले, पण काही गावांच्या खोल्या अजून आहेत, आणि खोली नसली तरी मंडळ असतं. माथाडीत गेलेली आपली माणसं कोपरखैरणे, घणसोलीला आहेत, त्यांचीही मंडळं आहेत. गावकीची खोली पुरुषांची, तिथं आई-वडिलांना नेता येणार नाही. पण मंडळाच्या सेक्रेटरीला परळचा कुठला लॉज माणसं बघून भाव करतो, कुठल्या इमारतीत कुणाची रिकामी खोली चार दिवसांना मिळेल, हॉस्पिटलात गावचा कोण वॉर्डबॉय आहे, हे सगळं पाठ असतं. गेल्या उन्हाळ्यात पाटणकडच्या एका कुटुंबासाठी मी दिवसभर वीस ठिकाणी फोन केले. शेवटी त्यांच्या गावच्या सेक्रेटरीनं दहा मिनिटांत लालबागला खोली मिळवून दिली. मालक गणपतीपर्यंत गावी होता, भाडं घेतलं नाही, लाईटबिल तेवढं भरायला सांगितलं. यात्रेच्या वर्गणीची पावती घरात असेल, तिच्यावर मंडळाचा नंबर असतो.

आज रात्री मंडळाला फोन, भावाला फोन. उद्या सकाळी दहा-अकराच्या सुमारास, म्हणजे खोल्या सुटायच्या वेळी, दादर-परळच्या तीन-चार लॉजना फोन करून बुधवारची एकच रात्र पक्की करा. दुपारपर्यंत जमलं नाही तर हॉस्पिटलचं नाव आणि कागदावर कुठल्या विभागाचा शिक्का आहे ते मला कळवा. उद्या संध्याकाळी सातपर्यंत मी ऑफिसातच आहे.